एटीएक्स मोडीत काढायचं का? भोकं तशीच ठेवा, वायरी बदला

तुम्ही विचारलंय की १९९५ सालचं एटीएक्स स्टँडर्ड, म्हणजे कॅबिनेट, मदरबोर्ड आणि एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) ह्यांची मापं आणि जोडण्या ठरवणारे नियम, आपण अजून का वापरतोय, ग्राफिक्स कार्ड दोन किलोचं झालं तरी ते एका प्लॅस्टिकच्या स्लॉटला लोंबकळतंय, एसएमपीएसमधून वायरींचा एवढा झुबका येतो त्यातल्या निम्म्यांचं आता फारसं काम उरलेलं नाही, मग कॅबिनेट, मदरबोर्ड आणि एसएमपीएस तिन्ही एकदाच नव्याने का आखत नाहीत, आणि असं काही येणार असेल तर तुम्ही नवीन मशीनसाठी थांबावं का. मी १९९८ पासून पुण्यात मशीन जुळवतोय आणि त्याहून जास्त दुरुस्त करतोय, त्यामुळे माझं उत्तर स्क्रू ड्रायव्हरच्या बाजूने आहे. थोडक्यात सांगायचं तर स्क्रूची भोकं आणि मागची पट्टी कुणीही हलवू नये, पण वीज कशी जाते आणि कार्ड कशावर उभं राहतं हे दोन्ही बदलायलाच हवं, खरं तर उशीर झालाय.

आधी जुनं थोडं सांगतो, कारण ज्यांनी एटी, म्हणजे एटीएक्सच्या आधीचं स्टँडर्ड, हाताळलेलं नाही त्यांना एटीएक्सने काय दिलं ते कळत नाही. एटीमध्ये एसएमपीएसच्या दोन वेगळ्या पट्ट्या यायच्या, पी८ आणि पी९, त्या शेजारी शेजारी लावायच्या आणि काळ्या वायरी काळ्यांना लागून आल्या पाहिजेत, उलट्या बसल्या की बोर्ड गेला. शिवाय समोरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट यायचे, चार जाड वायरी, आणि आत हात घातला की त्या कुठे आहेत हे कायम डोक्यात ठेवावं लागायचं. एटीएक्सने हे सगळं एका वीस पिनांच्या कनेक्टरमध्ये आणलं (पुढे त्याच्या चोवीस झाल्या) जो उलटा बसतच नाही, बटणावरचे २३० व्होल्ट गेले, त्याजागी हिरवी वायर काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या, वायरीला टेकवली की एसएमपीएस चालू होतो (हिरवी आणि काळी यू-पिनने जोडून पंखा फिरतो का बघायची आपली पद्धत तिथूनच आली), आणि जांभळ्या वायरीवर पाच व्होल्ट कायम उभे राहतात म्हणून मशीन बंद असताना कीबोर्डवरून सुरू करता येतं. मागे पोर्टसाठी एक ठरलेली खिडकी आली, तिच्यात बोर्डासोबत येणारी पत्र्याची पट्टी बसते, बोर्ड बदलला की पट्टी बदलायची, कॅबिनेट तेच.

ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे आणि तुमच्या प्रश्नात ती सुटलीये. नारायण पेठेत माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, छपाईचं काम करतात, त्यांचं कॅबिनेट २००९ चं आहे. त्यात आजपर्यंत चार बोर्ड बसले, तीन एसएमपीएस बसले, रॅमच्या तीन पिढ्या आल्या, आणि पत्र्याला मी एकदाही ड्रिल लावलं नाही. ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा मोठा बोर्ड, २४४ बाय २४४ चा मायक्रो, १७० बाय १७० चा मिनी आयटीएक्स, तिघांची भोकं एकमेकांत बसतात, स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो ती छोटी खुंटी) इकडचा काढून तिकडे लावायचा एवढंच. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शिरून कुठल्याही दुकानात फक्त 'एटीएक्स एसएमपीएस द्या' म्हटलं की जे हातात येतं ते घरी येऊन बसणारच, मोजमाप घ्यावं लागत नाही. ह्या एका खात्रीवर माझ्यासारख्या शेकडो लोकांचं पोट आहे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाइकाचं मशीन त्याच दिवशी चालू होतं.

ह्याच्या उलट काय होतं तेही बघितलंय. शिवाजीनगरच्या एका ऑफिसात चाळीसेक ब्रँडेड डेस्कटॉप होते, वॉरंटी संपून दोन वर्षं झाली आणि एसएमपीएस एकामागून एक जायला लागले. उघडलं तर आत फक्त बारा व्होल्टचा छोटा एसएमपीएस, कनेक्टर कंपनीचा स्वतःचा, डबा लांबट, स्क्रू वेगळ्या जागी, आणि हार्ड डिस्कची वीज बोर्डावरून. डिझाइन म्हणून चांगलंच होतं, गार चालायचं, वायरी जवळपास नाहीत. पण तो एसएमपीएस बाजारात मिळेना, कंपनीकडे संपलेला, शेवटी आम्ही पाच मशीन मोडून बाकीच्यांना सुटे भाग पुरवले. बोर्ड ठणठणीत, प्रोसेसर ठणठणीत आणि मशीन भंगारात, ते चित्र माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून कुणी 'सगळं मोडून नवीन करूया' म्हटलं की मी पहिलं विचारतो, दहा वर्षांनी बुधवार पेठेत त्याचा सुटा भाग मिळेल का.

आणि मोडून नवीन करायचा प्रयत्न झालेला आहे बरं का. इंटेलनेच २००४ मध्ये एटीएक्सच्या जागी बीटीएक्स आणलं होतं. पेंटियम ४ तेव्हा शंभर वॉटच्या वर गेलेला, म्हणून प्रोसेसर समोर आणायचा, त्याच्यावर एक बोगदा बसवायचा, समोरून गार हवा सरळ मागे काढायची, आणि कार्डांनाही त्याच हवेचा वारा. कल्पना अगदी बरोबर होती. पण २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला, ६५ वॉट, गरजच संपली, आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) आत असल्यामुळे त्यांना ती मांडणी सोयीची नव्हती, तर इंटेलनेच ते गुंडाळलं. ज्यांनी बीटीएक्सची मशीन घेतली त्यांचं कॅबिनेट पुढे कशालाच उपयोगी पडलं नाही. माझ्या मते चूक हवेच्या वाटेत नव्हती, चूक भोकं हलवण्यात होती.

आता कार्डाचं बघू, कारण तिथे खरंच अन्याय चाललाय. मुळात हे स्लॉट आडव्या डब्यासाठी आहेत. आयबीएमचा पीसी टेबलावर आडवा असायचा, त्याच्यावर मॉनिटर, बोर्ड तळाला सपाट आणि कार्डं त्यात उभी, वजन सरळ खाली. दोन स्लॉटमधलं २०.३२ मिलिमीटरचं अंतरसुद्धा आयबीएमच्याच १९८३ च्या एक्सटी मशीनपासून तेच आहे. मग आपण डबा कुशीवर उभा केला, बोर्ड भिंतीसारखा झाला आणि कार्डं आडवी, म्हणजे एका टोकाला स्क्रू आणि बाकी हवेत. तरी तेव्हा कार्डं हलकी होती, आणि जुन्या कॅबिनेटना समोरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खाचा असायच्या, लांब कार्डाचं पुढचं टोक त्यात सरकवायचं, आठवत असेल कुणाला. ती खाच कॅबिनेटवाल्यांनी खर्च वाचवायला काढून टाकली, कारण लांब कार्डं दिसेनाशी झाली होती. आता लांब कार्डं परत आली, एनव्हिडियाच्या ४०९० कार्डाचं मूळ मॉडेल ३०४ मिलिमीटर लांब आणि दोन किलोच्या वर, पण खाच काही परत आली नाही, त्याऐवजी डब्यात एक काठी मिळते टेकू लावायला.

बाणेरच्या एका ॲनिमेशन स्टुडिओने हडपसरला जागा बदलली तेव्हा मशीनं टेम्पोतून गेली, कार्डं काढून न्या असं मी सांगितलं होतं पण घाई होती. तीन मशीनं सुरूच होईनात. एकाचं कार्ड बाहेर काढून टॉर्चखाली धरलं तर स्लॉटच्या लॉकची नखी जिथे अडकते तिथल्या कोपऱ्यापासून केसाएवढी चीर वर गेलेली, डोळ्याला दिसतही नाही, बोट फिरवलं की नखाला लागते. आतल्या थरातले ट्रॅक तुटले की ते कार्ड परत येत नाही, लाख-दीड लाखाची वस्तू. दोष टेम्पोवाल्याचा नाही आणि स्टुडिओचाही पूर्ण नाही, दोन किलोची वस्तू एका कोपऱ्यावर तोलून धरायची आणि रस्त्यावर स्पीडब्रेकर आहेत हे विसरायचं, ही आखणीच चुकीची आहे.

ह्यावरचा सोपा उपाय फार पूर्वी झालाय, बोर्ड नव्वद अंशात फिरवायचा म्हणजे पोर्ट वर येतात आणि कार्डं मागच्या पट्टीला लटकतात, वजन सरळ रेषेत, वाकायला जागाच नाही, आणि गरम हवा आपोआप वर जाते. सिल्व्हरस्टोनने २००८ च्या सुमारास अशी कॅबिनेट काढली होती. मी भोसरीत एका ओळखीच्या शेडमध्ये स्वतःसाठी एक करून घेतलं, सव्वा मिलिमीटरचा पत्रा, लेझर कटिंग, बेंडिंग, पावडर कोटिंग, सगळं तिथेच एका गल्लीत होतं. एक शहाणपण त्या शेडवाल्या काकांचं, म्हणाले की बोर्डाची ट्रे आणि मागची खिडकी नवीन बनवू नकोस, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर कार्डाचा स्क्रू लागणार नाही, भंगारातल्या चांगल्या कॅबिनेटमधून तेवढा भाग कापून आण आणि बाकीचा डबा त्याच्याभोवती उभा कर. तसंच केलं. त्रास एकच, पोर्ट वर असल्यामुळे धूळ थेट त्यात पडते, वर जाळीचं झाकण करावं लागलं आणि वायरींना जागा द्यायला ते चार बोटं उंच ठेवावं लागलं. पण भोकं तीच, बोर्ड तोच, एसएमपीएस तोच, नवीन स्टँडर्ड न आणता काम झालं. म्हणून माझी पहिली मागणी ही की कॅबिनेटच्या नियमात कार्डाच्या पुढच्या टोकाला आधार सक्तीचा असावा, आणि कार्डवाल्यांनी त्या टोकाला ठरलेल्या जागी दोन स्क्रूची भोकं द्यावीत. आज प्रत्येक कार्डाचं टोक वेगळं, म्हणून कॅबिनेटवाला तरी आधार कुठे देणार.

आता वीज, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. जुना आठ पिनांचा कनेक्टर १५० वॉटचा, म्हणजे साडेबारा अँपियर तीन पिनांत, एका पिनेवर चार अँपियरच्या आसपास, आणि पिनेची ताकद त्याच्या जवळपास दुप्पट. मग २०२२ मध्ये सोळा पिनांचा छोटा कनेक्टर आला, एकटा ६०० वॉट नेणारा. ६०० भागिले १२ म्हणजे ५० अँपियर, बारा व्होल्टच्या पिना सहा, एकेका पिनेवर सव्वाआठ अँपियरच्या वर, आणि पिनेची मर्यादा साडेनऊच्या आसपास. आता ह्या सहापैकी दोन पिना नीट बसल्या नाहीत तर उरलेल्या चारांवर साडेबारा येतात, आणि अलीकडच्या बऱ्याच कार्डांत सहाही वायरी आत गेल्याबरोबर एकत्र होतात त्यामुळे कुठल्या पिनेवर किती करंट आहे हे कार्डाला कळतच नाही. कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या त्या अशाच. २०२३ मध्ये पिनांची लांबी बदलून सुधारित आवृत्ती आली, अर्धवट बसला तर कार्ड वीज मागतच नाही, ती सुधारणा चांगली आहे, पण पन्नास अँपियर ते पन्नास अँपियरच.

उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, हे बारावीला शिकलेलं आहे आपण. तेच ६०० वॉट ४८ व्होल्टवर न्या, फक्त साडेबारा अँपियर होतात, त्याच वायरीत उष्णता सोळा पटीने कमी. टेलिफोन एक्सचेंज कित्येक दशकं ४८ व्होल्टवर चालली, मोठ्या डेटा सेंटरच्या रॅकमध्येही बाराकडून अठ्ठेचाळीसकडे वाट गेलीच आहे, आणि साठ व्होल्टच्या खाली असल्यामुळे कोरड्या हाताला धोका नाही. मला मनापासून वाटतं की दीडशे वॉटच्या वरच्या कार्डाला ४८ व्होल्टच असावेत, आणि तेही वायरीने नको, स्लॉटच्या मागे दुसरा छोटा स्लॉट असावा आणि त्यातून वीज यावी. ॲपलने २०१९ च्या मॅक प्रोमध्ये वीज अशी वायरीशिवाय दिलीच होती, एसूसनेही बोर्डावर तसा जोडस्लॉट काढलाय, पण प्रत्येकाचं वेगळं. वेगळं आहे तोपर्यंत मला ते शिवाजीनगरच्या ऑफिससारखंच वाटतं, कितीही सुबक असलं तरी.

मग बारा व्होल्टचं नुसतं स्टँडर्ड, एटीएक्स१२व्हीओ, त्याचं काय असं तुम्ही पुढे विचारालच. इंटेलने २०२० च्या सुमारास आणलं, चोवीस पिनांच्या जागी दहा, एसएमपीएसमधून फक्त बारा व्होल्ट, बाकीचे पाच आणि तीन पॉइंट तीन बोर्डाने स्वतः करायचे. कारण खरं आहे. ऑफिसातलं साधं मशीन एक्सेल उघडून बसलेलं असतं तेव्हा तीस-चाळीस वॉट घेतं, आणि आत ४५० वॉटचा एसएमपीएस असतो, म्हणजे दहा टक्क्यांच्याही खाली. ८० प्लसचं ब्राँझ-गोल्ड जे डब्यावर छापलेलं असतं, म्हणजे वीज किती वाया जात नाही त्याचा शिक्का, ते वीस, पन्नास आणि शंभर टक्के लोडवर मोजतात, दहा टक्क्यांवर फक्त टायटॅनियममध्येच. दिवसभर मशीन जिथे उभं असतं तिथे तो शिक्का काहीच सांगत नाही. नुसता बारा व्होल्टचा एसएमपीएस तिथे स्पष्ट बरा असतो.

पण माझा आक्षेप दुरुस्तीचा आहे. आज पाच व्होल्टची बाजू गेली तर दोन-अडीच हजारांचा एसएमपीएस बदलतो, अर्ध्या तासात काम संपतं. तीच बाजू बोर्डावर गेली तर पाच व्होल्टच्या एका मॉसफेटपायी (नखाएवढा इलेक्ट्रॉनिक स्विच) दहा-पंधरा हजारांचा बोर्ड जातो, आणि हार्ड डिस्क जोडताना कुणी वायर शॉर्ट केली तर मार थेट बोर्डाला. मी म्हणतो बारा व्होल्ट आणा, आजच आणा, पण पाच आणि तीन पॉइंट तीनचा भाग बोटभर लांबीच्या वेगळ्या पट्टीवर ठेवा, रॅमसारखी खाचेत बसणारी, ठरलेल्या मापाची, चार-पाचशे रुपयांत मिळेल अशी. गेली की काढली, दुसरी बसवली. ह्यात काही अवघड नाही, कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

आणि आपल्याकडच्या लाइटचा विचार करून कुणीच स्टँडर्ड लिहीत नाही, हे मला सगळ्यात लागतं. लाइट गेल्यावर एसएमपीएस किती वेळ तग धरतो त्याला होल्ड-अप म्हणतात, पूर्वी पूर्ण लोडला सोळा-सतरा मिलीसेकंद मागायचे, एटीएक्स ३.१ ने ते बारावर आणलं. आपली एक सायकल वीस मिलीसेकंदांची, साधा यूपीएस बॅटरीवर जायला चार ते दहा घेतो, त्यात बॅटरी जुनी, म्हणजे बारामध्ये फार काही शिल्लक राहत नाही. पावसाळ्यात कोथरूडहून फोन येतात की इन्व्हर्टर असूनही पीसी रिस्टार्ट होतो, पन्नासात तीस वेळा इन्व्हर्टरच्या मागचं बटण नॉर्मलवर असतं, ते यूपीएस मोडवर करायचं की थांबतं, पण उरलेले वीस खरंच होल्ड-अपचे बळी असतात.

अर्थिंगचंही तसंच. 'कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात' ही तक्रार मी हजारदा ऐकली असेन. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही डब्याला जोडलेले, अर्थिंग असेल तर सगळं जमिनीत जातं, नसेल तर डबा मधोमध, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. टेस्टर लावला की मंद पेटतो. करंट अगदी थोडा म्हणून माणूस वाचतो, पण अशा मशीनची एचडीएमआय वायर अर्थिंग असलेल्या टीव्हीला चालू असताना लावली की पोर्ट जातं, आणि मग 'ग्राफिक्स कार्ड खराब निघालं' म्हणतात. एसएमपीएसवर अर्थिंग नसल्याचं सांगणारा एक लाल दिवा सक्तीचा करा, दहा रुपयांचं काम आहे, आपल्या देशात लाखो पोर्ट वाचतील.

बाकी समोरच्या बटणाच्या त्या सुट्या पिना, पॉवर, रिसेट, दोन दिवे, त्यांचा एक ठोकळा अजून ठरलेला नाही ही लाजेची गोष्ट आहे, पण त्याने कुणाचं नुकसान होत नाही म्हणून सोडून देतो.

तर तुम्ही थांबायचं का, नाही थांबायचं. आजचं साधं एटीएक्स कॅबिनेट घ्या, समोर जाळी असलेलं, जाळीचा फिल्टर हाताने निघणारा, कार्डाच्या पुढच्या बाजूला स्क्रूने बसणारा आधार असलेला. एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट मिळतोय म्हणून घेऊ नका, वेगळा घ्या, लोडच्या दीडपट, आणि त्याच्या रिव्ह्यूमध्ये वॉटच्या आधी होल्ड-अप बघा, सतरा किंवा वर असेल तर घ्या. सोळा पिनांची वायर वापरणार असाल तर ती कार्डात शिरल्यावर पहिले चार सेंटिमीटर सरळ राहील एवढी कॅबिनेटची रुंदी आहे का ते दुकानातच पट्टी लावून मोजा, काच बंद करताना वायर दाबली जाते तिथेच पिना तिरक्या होतात. आणि मशीन घरी आणायच्या आधी ज्या सॉकेटला लावणार त्याचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनला बल्ब लावून दाखवायला सांगा, फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे, मिणमिणला तर आधी ते दुरुस्त करून घ्या.